गोल्फच्या मैदानावर आणि घरच्या लॉनवर सेंद्रिय खत कसे काम करते

गोल्फमध्ये चेंडू ज्या भोकात घालायचा असतो, त्याच्याभोवतीच्या गुळगुळीत हिरव्या तुकड्याला ‘ग्रीन’ म्हणतात. त्याच्याकडे पाहिले की येथील जमीन कमालीची कसदार असणार असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात त्या गवताखाली माती जवळजवळ नसतेच. युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन या संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या रचनेनुसार बांधलेल्या ग्रीनमध्ये वरचा सुमारे ३० सेंटिमीटरचा थर ठरावीक जाडीच्या वाळूचा असतो आणि त्याखाली सुमारे १० सेंटिमीटर बारीक खडी असते. मातीला हद्दपार करण्याचे कारण साधे आहे. दिवसभर माणसांच्या पायांखाली आणि यंत्रांखाली माती दबून टणक होते, तिच्यातील हवा जाते आणि पाऊस पडला की पाणी साचते. वाळूचे तसे होत नाही. मात्र जी वाळू पाणी झटकन खाली सोडते, तीच पाण्याबरोबर अन्नद्रव्येही सोडून देते, कारण अन्नद्रव्यांना धरून ठेवणारे चिकणमातीचे आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचे ऋणभारित कण तिच्यात फारच थोडे असतात. ग्रीनवरचे ते देखणे गवत म्हणजे एका परीने कुंडीत, तेही मातीविना, वाढवलेले रोप आहे.

घरापुढील लॉन, सोसायटीची बाग किंवा मंगल कार्यालयाची हिरवळ यांची गोष्ट निराळी असते. तेथे खाली काळी, लाल किंवा भरावाची का होईना, पण माती असते, गवत काही सेंटिमीटर उंच ठेवलेले असते आणि कोणी त्यावर चेंडू किती वेगाने घरंगळतो हे मोजत नाही. ‘सेंद्रिय खत घालावे का?’ हा एकच प्रश्न या दोन ठिकाणी विचारला तर उत्तरे वेगळी मिळतात, आणि ती वेगळी का मिळतात हे एकदा ध्यानात आले की खताच्या पोत्यावर छापलेल्या दाव्यांचे वजन आपले आपल्याला करता येते.

मुळाला काय मिळते

गवताला सर्वाधिक लागणारे अन्नद्रव्य म्हणजे नत्र (नायट्रोजन). मुळे ते प्रामुख्याने दोन रूपांत घेतात, अमोनियम आणि नायट्रेट. युरिया टाकला की जमिनीतील युरिएज या विकराच्या क्रियेने काही दिवसांतच त्याचे अमोनियम होते आणि पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. निंबोळी पेंडीतील नत्र मात्र प्रथिनांत बांधलेले असते, आणि मुळांना प्रथिनांचा तसा उपयोग नसतो. आधी जमिनीतील बुरशी आणि जिवाणू ती प्रथिने फोडतात, त्यांतून आपले शरीर वाढवतात, आणि त्यांची गरज भागून जे नत्र उरते ते अमोनियमच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेला खनिजीकरण म्हणतात. तेव्हा सेंद्रिय खत आपण गवताला घालतो असे म्हणतो खरे, पण पंगतीला आधी बसतात ते सूक्ष्मजीव. गवताच्या वाट्याला येते ते त्यांच्या पानातले उरलेले.

शेवटी मुळाशी पोहोचणारा अमोनियम युरियाच्या पोत्यातून आला की कडुनिंबाच्या बियांतून, हे मुळाला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही. गंमत अशी, की रसायनशास्त्राच्या व्याख्येनुसार युरिया हेही सेंद्रिय संयुगच ठरते. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, तेव्हापासूनच ‘सजीवातून आलेले’ आणि ‘माणसाने बनवलेले’ यांमधील भिंत पडायला सुरुवात झाली. शेतीत आपण ‘सेंद्रिय’ हा शब्द निराळ्या अर्थाने, म्हणजे वनस्पती, प्राणी किंवा त्यांच्या अवशेषांपासून आलेले, असा वापरतो. हिरवळीच्या दृष्टीने या उगमाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्वाचा प्रश्न हा आहे की खतातील नत्र किती वेगाने आणि केव्हा सुटते.

हा वेग सूक्ष्मजीवांच्या मर्जीवर चालतो. जमीन उबदार, ओलसर आणि हवेशीर असेल तर ते भराभर काम करतात. तापमान साधारण १० अंश सेल्सिअसने वाढले की त्यांचे काम ढोबळमानाने दुप्पट होते, आणि जमीन १० अंशांच्या खाली गेली की ते जवळपास थंडावतात. जमीन कोरडी ठणठणीत असेल तर खत पडून राहते. पाणी साचून हवा संपली तर अमोनियमचे नायट्रेट होणे थांबते आणि आधी झालेले नायट्रेटही वायूच्या रूपाने उडून जाऊ लागते. चौथी गोष्ट म्हणजे खतातील कर्ब (कार्बन) आणि नत्र यांचे प्रमाण. ते २० ला १ किंवा त्याहून कमी असेल तर खत कुजताना नत्र मोकळे होते. ते ३० ला १ च्या वर गेले, म्हणजे अर्धवट कुजलेले शेण, भुसा किंवा पालापाचोळा असेल, तर सूक्ष्मजीवांनाच नत्र अपुरे पडते आणि ते मातीतले उरलेसुरले नत्रही ओढून घेतात. खत घातल्यावर लॉन पिवळे पडल्याची तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. भारताच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी कर्ब-नत्र प्रमाण २० पेक्षा कमी असावे अशी अट आहे, ती याचसाठी.

मिलवॉकीची पिशवी

गोल्फ आणि सेंद्रिय खत यांचे नाते मुळात जुने आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील ज्या वालुकामय माळांवर हा खेळ वाढला, तेथे गवत कापण्याचे आणि खत घालण्याचे काम मेंढ्या आणि ससेच करत असत. आपल्याकडे धनगरांचे कळप शेतात बसवण्याची जी रीत आहे, तिच्यातले तत्त्व आणि त्या माळांवरचे तत्त्व एकच. पुढे यंत्रे आली तरी मेंढ्या लगेच गेल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्यांचा कळप सोडला होता आणि त्यांची लोकर विकून आलेले पैसे रेड क्रॉसला दिले होते.

आधुनिक काळातील खरी कहाणी मात्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहराची आहे. मिशिगन सरोवराच्या काठी वसलेले हे शहर आपले सांडपाणी त्याच सरोवरात सोडत असे आणि पिण्याचे पाणीही तेथूनच घेत असे. १९१४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून त्यातील घाण सूक्ष्मजीवांकडूनच खाववण्याची पद्धत मांडली होती. मिलवॉकीने जोन्स आयलंड येथे या पद्धतीचा मोठा प्रकल्प उभारला, पण त्याबरोबर नवा पेच आला. घाण खाऊन पुष्ट झालेल्या सूक्ष्मजीवांचा गाळ रोज टनावारी तयार होणार होता, आणि तो टाकायचा कोठे? विस्कॉन्सिन विद्यापीठात या गाळाच्या खत म्हणून उपयोगावर संशोधन करण्यासाठी ओ. जे. नोअर यांची नेमणूक झाली. त्यांनी जी पिके तपासली त्यांत गोल्फच्या मैदानांचे गवतही होते, आणि तेथेच या खताला गिऱ्हाईक सापडले. १९२६ पासून हा गाळ गरम फिरत्या पिंपांत वाळवून, दाणेदार करून ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने विकला जाऊ लागला. मिलवॉकी, ऑर्गॅनिक आणि नायट्रोजन या तीन शब्दांचे तुकडे जोडून हे नाव केले आहे. शंभर वर्षे होत आली तरी ते विकले जाते.

या पिशवीत असते काय? बऱ्याच अंशी वाळवलेले जिवाणू. त्यांच्या शरीरातील प्रथिनांमुळे त्यात सुमारे ६ टक्के नत्र येते, आणि त्यातील बहुतांश भाग पाण्यात न विरघळणारा असतो. मैदानांची निगा राखणाऱ्यांना यात दोन गोष्टी आवडल्या. तोवर सर्रास वापरले जाणारे अमोनियम सल्फेट हाताने फेकताना एके ठिकाणी जास्त पडले, की क्षाराच्या तीव्रतेने गवत जळून तपकिरी ठिपके उठत, आणि ग्रीनवर असा ठिपका म्हणजे मैदान सांभाळणाऱ्या सुपरिंटेंडेंटच्या नोकरीवरचा डाग. मिलॉर्गनाइट थोडे जास्त पडले तरी गवत जळत नसे. दुसरी गोष्ट लोहाची. गाळातील पाणी काढताना लोहाचे क्षार वापरले जात असल्यामुळे खतात लोहही उतरते, आज ते सुमारे २.५ टक्के असते, आणि लोहामुळे गवताची वाढ फारशी न भडकता रंग गडद होतो. ग्रीनला नेमके हेच हवे असते, कारण तेथे वाढ नको असते, फक्त हिरवेपणा आणि दाटपणा हवा असतो.

येथे एक खुलासा करायला हवा. सावकाश सुटणारे नत्र ही सेंद्रिय खताची मक्तेदारी राहिलेली नाही. गंधकाचे किंवा प्लास्टिकसदृश बहुवारिकाचे वेष्टन असलेला युरिया आणि मिथिलीन युरिया हीदेखील सावकाश सुटणारी खतेच आहेत, आणि त्यांचा वेग कारखान्यात बराचसा ठरवता येतो. सेंद्रिय खताचा वेग हवामान ठरवते. ज्याला पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेसाठी ग्रीन विशिष्ट दिवशी विशिष्ट अवस्थेत हवे असते, त्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

एका गुंठ्याचा हिशेब

आता आकडे मांडून पाहू. चांगल्या राखलेल्या उष्ण प्रदेशीय हिरवळीला वर्षाकाठी दर चौरस मीटरला १५ ग्रॅम नत्र लागते असे धरू. साध्या घरगुती लॉनला याहून कमी चालते आणि वर्दळीच्या मैदानाला याहून जास्त लागते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर, तेव्हा वर्षाला दीड किलो नत्र. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे सव्वातीन किलो युरिया पुरेल. मिलॉर्गनाइटसारखे ६ टक्क्यांचे खत २५ किलो लागेल. निंबोळी पेंडीत ५ टक्क्यांच्या आसपास नत्र असते, म्हणून ती ३० किलो लागेल. दीड टक्का नत्राचे चांगले गांडूळ खत १०० किलो, आणि अर्धा टक्का नत्र असलेले शेणखत ३०० किलो. त्यातही शेणखतातील नत्राचा जेमतेम तिसरा हिस्सा पहिल्या वर्षी मोकळा होतो, उरलेला पुढील वर्षांच्या खात्यावर जमा राहतो.

३०० किलो शेणखत एका गुंठ्यावर पसरले तर दर चौरस मीटरवर ३ किलो पडते आणि त्याचा थर साधारण ५ ते ६ मिलिमीटर होतो. घरच्या लॉनवर हा थर दोन-तीन हप्त्यांत झाडूने पानांखाली उतरवता येतो. ग्रीनवरचे गवत मात्र सुमारे ३ मिलिमीटर उंचीवर कापलेले असते; म्हणजे खताचा थर गवतापेक्षा उंच होईल. गोल्फच्या ग्रीनवर शेणखत का टाकत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर एवढ्या एका आकड्यात आहे.

दाणेदार खतालाही ग्रीनवर याच उंचीची अडचण येते. मोठा दाणा गवतात खाली उतरत नाही, वरच राहतो, चेंडूची वाट बदलतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कापणी यंत्राच्या पेटीत गोळा होऊन जातो. म्हणून खतविक्रीत दाण्याच्या जाडीचा एक अंक वापरतात, एसजीएन. दाण्याची सरासरी जाडी मिलिमीटरमध्ये मोजून तिला १०० ने गुणले की तो अंक मिळतो. ग्रीनसाठी ८० ते १००, म्हणजे एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक दाणा घेतात. फेअरवेसाठी, म्हणजे खेळाच्या सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनपर्यंतच्या एक-दीड सेंटिमीटर उंच गवताच्या पट्ट्यासाठी, २०० च्या आसपासचा चालतो. आपल्याकडील पेंडीची भरड या कसोटीला क्वचितच उतरते, पण लॉनवर तिचे काही बिघडत नाही.

हिशेबाचा दुसरा भाग स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आहे, आणि सेंद्रिय खताच्या चर्चेत तो हटकून वगळला जातो. गवताला नत्राच्या तुलनेत स्फुरद साधारण चौथा किंवा पाचवा हिस्सा लागते. कोंबडी खतात मात्र ही दोन्ही जवळजवळ बरोबरीने असतात, ढोबळमानाने ३ टक्के नत्र आणि अडीच टक्के स्फुरद. आपल्या गुंठ्याला दीड किलो नत्र कोंबडी खतातून द्यायचे ठरवले तर ५० किलो खताबरोबर सव्वा किलो स्फुरदही पडेल, म्हणजे गरजेच्या तिप्पट-चौपट. हे दरवर्षी केले की स्फुरद जमिनीत साचते आणि धूप होताना मातीच्या कणांबरोबर किंवा पाण्यात विरघळून नाल्यात, तळ्यात जाते. तळ्याच्या गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदाच्या टंचाईने अडलेली असते. ते मिळाले की शेवाळ माजते, मग मरून कुजते, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवून माशांचा जीव घेते. हजारो तळ्यांच्या मिनेसोटा राज्याने २००२ मध्ये लॉनवरील स्फुरदयुक्त खतांवर निर्बंध घालणारा कायदा केला, तो या कारणाने. मिलॉर्गनाइटमधील स्फुरद लोहाशी बांधलेले असल्यामुळे पाण्यात फार कमी विरघळते, ही त्याची जमेची बाजू. पण ‘सेंद्रिय आहे, मग प्रदूषण कसे होईल?’ हा युक्तिवाद मुळातच टिकत नाही. तळ्याला खताचे कूळ ठाऊक नसते.

जेथे सेंद्रिय पदार्थच शत्रू ठरतो

शेतकऱ्याला ऐकून नवल वाटेल, पण ग्रीन सांभाळणाऱ्या माणसाचा बराच वेळ जमिनीतील सेंद्रिय पदार्थ कमी करण्यात जातो. दाट गवताची मुळे, खोडे आणि आडव्या धावणाऱ्या फांद्या मरून पृष्ठभागाखाली स्पंजासारखा एक थर तयार होतो. त्याला थॅच म्हणतात. थोडा थॅच चेंडू झेलायला बरा असतो. तो वाढला की पाणी वरच धरून ठेवतो, मुळे उथळ राहतात, बुरशीजन्य रोग बळावतात आणि यंत्राची चाके रुततात. शेतात एक टक्का सेंद्रिय कर्ब मिळाला तर आपण समाधान मानतो. येथे वरच्या थरात सेंद्रिय पदार्थ ४-५ टक्क्यांच्या पुढे गेला की चिंता सुरू होते. उपाय म्हणून पोकळ दातांच्या यंत्राने मातीच्या कांड्या उपसून काढतात, त्या भोकांत वाळू भरतात, आणि एरवीही दर थोड्या दिवसांनी वाळूचा पातळ हात देतात.

अशा ठिकाणी कंपोस्टचे थर देणे म्हणजे एका हाताने उपसून दुसऱ्या हाताने भरणे. म्हणून बहुतेक मैदानांवर ग्रीनला पाण्यात विरघळवलेले खत फवारून देतात, दर चौरस मीटरला जेमतेम अर्धा ग्रॅम नत्र, दर आठ-पंधरा दिवसांनी. आजारी माणसाला चमच्याचमच्याने पेज भरवावी तसा हा प्रकार असतो. मात्रा इतकी कमी असते की गवत ती जवळपास सगळी उचलते आणि वाळूतून वाहून जाण्यास फारसे काही उरत नाही. सेंद्रिय निष्ठेच्या माणसाला हे रुचणार नाही, पण वाळूवर वाढणाऱ्या गवतासाठी पर्यावरणाच्या दृष्टीनेही हा मार्ग वाईट नाही, असे माझे मत आहे.

मात्र १८ होलच्या मैदानात सगळी ग्रीन्स मिळून साधारण एक ते सव्वा हेक्टर भरतात. फेअरवे दहा-बारा हेक्टर असतात आणि त्याभोवतीचे उंच गवताचे रफ त्याहूनही मोठे असते. तेथे खाली माती असते, गवत उंच असते आणि दाणेदार सेंद्रिय खताला कसलीच आडकाठी नसते. पडीक, खाणीच्या किंवा भरावाच्या जमिनीवर मैदान उभारताना तर पेरणीपूर्वी मातीत १५ सेंटिमीटर खोलवर मिसळलेले चांगले कंपोस्ट जे काम करते, ते कोणत्याही विद्राव्य खताने होत नाही. पाणी धरणे, मातीचा पोत सुधारणे आणि मुळांना वाट करून देणे ही कामे युरियाच्या कुवतीबाहेरची आहेत.

येथे ‘सेंद्रिय मैदान’ या शब्दप्रयोगातील घोळही सोडवून घ्यावा. मॅसॅच्युसेट्समधील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर २००२ मध्ये सुरू झालेले व्हिनयार्ड गोल्फ क्लब हे मैदान सेंद्रिय म्हणून नावाजले गेले. तेथे कळीचा मुद्दा कृत्रिम कीडनाशके न वापरण्याचा होता, कारण बेटाचे पिण्याचे पाणी त्याच जमिनीखालून येते. रोज सकाळी पानांवरचे दव झटकून काढणे, म्हणजे बुरशीला ओल मिळू नये, असली कष्टाची कामे तेथील निगेचा भाग झाली. न्यूयॉर्क राज्यातील बेथपेज स्टेट पार्कच्या ग्रीन कोर्सवर कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००१ च्या सुमारास दीर्घ प्रयोग सुरू केला, तेव्हा रासायनिक कीडनाशकांविना ठेवलेल्या काही ग्रीन्सनी पहिल्या उन्हाळ्यांत तग धरला नाही. पुढे कापणीची उंची वाढवणे, पोषण सुधारणे असे बदल करून परिस्थिती बरी झाली. या दोन्ही ठिकाणचा कठीण प्रश्न रोगकिडींचा होता. खत सेंद्रिय करणे हा त्यामानाने सोपा भाग आहे, आणि केवळ खत बदलले म्हणून मैदान विषमुक्त झाले असे समजणे चुकीचे ठरेल.

गाळापासून केलेल्या खतांविषयी अलीकडे एक शंका गंभीर झाली आहे. अमेरिकेत १९९३ पासून अशा खतांतील जड धातू आणि रोगजंतू यांवर मर्यादा आहेत, आणि उष्णतेने वाळवलेला गाळ रोगजंतूंच्या कसोटीवर चांगला उतरतो. पण नॉनस्टिक भांडी, पाणी न धरणारे कपडे, अग्निशामक फेस यांतून सांडपाण्यात उतरणारी पीएफएएस ही संयुगे गाळात सापडतात आणि उष्णतेने वाळवून ती जात नाहीत. मातीत ती वर्षानुवर्षे टिकतात. मेन या राज्याने २०२२ मध्ये सांडपाण्याचा गाळ जमिनीवर टाकण्यास बंदीच घातली. आपल्याकडे शहरी कंपोस्टमध्ये शिसे किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे मानक आहे. सुट्या पोत्यात मिळणाऱ्या, चाचणीचा कागद नसलेल्या ‘काळ्या सोन्या’विषयी म्हणूनच जरा सावध असलेले बरे.

आपल्या हवेत, आपल्या गवतावर

महाराष्ट्रातील बहुतेक हिरवळींत जे गवत असते ते मुळात आपल्या बांधावरचेच आहे. गोल्फवाले ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणतात, ती आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी संकरातून विकसित केलेल्या तिच्या बारीक पानांच्या जाती जगभरच्या उष्ण प्रदेशांतील ग्रीन्सवर पोहोचल्या. शेतात जिला खणून खणून शेतकरी थकतो, तिलाच येथे खत घालून जोपासतात. हरळी उष्णतेत जोमाने वाढते, आणि सूक्ष्मजीवही नेमके त्याच काळात कामाला लागतात, त्यामुळे सेंद्रिय खताचे वेळापत्रक आणि गवताची भूक येथे आपोआप जुळते. थंड देशांत वसंताच्या सुरुवातीला गवत जागे होते तेव्हा जमीन अजून गार असते आणि खत झोपलेले असते. ती अडचण आपल्याला कोकणात तर नाहीच, देशावरही डिसेंबर-जानेवारीतील काही आठवडे सोडता फारशी नाही.

आपली अडचण पावसाची आहे. उन्हाळ्यात भाजून निघालेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडला की सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि साठलेले नत्र झपाट्याने मोकळे होते. ‘बर्च परिणाम’ म्हणून हे ओळखले जाते. म्हणूनच जूनमध्ये काहीही न घातलेले गवतही हिरवेगार होते, आणि त्याचे श्रेय मे महिन्यात घातलेल्या खताला दिले जाते. जुलैच्या धारांत मात्र सुटलेले नायट्रेट खाली वाहून जाते, सुटे खत तर पाण्याबरोबर गटारात जाते. त्यामुळे निंबोळी किंवा एरंडी पेंडीचा मोठा हप्ता सप्टेंबरमध्ये, पाऊस ओसरताना, जमीन उबदार आणि ओली असताना द्यावा, आणि दुसरा फेब्रुवारीच्या अखेरीस, थंडी गेल्यावर पाण्याच्या पाळीबरोबर द्यावा, हे मला अधिक शहाणपणाचे वाटते. पेंड एका वेळी गुंठ्याला १० ते १५ किलोपेक्षा जास्त न घालता दोन-तीन हप्ते करावेत. तिचा वास चार-सहा दिवस राहतो, हे सोसायटीच्या सभेत आधीच सांगून ठेवलेले बरे.

न कुजलेले शेण लॉनवर टाकण्याची चूक मात्र करू नये. त्याबरोबर तणांचे बी येते, आणि वळवाच्या पावसानंतर बाहेर पडणारे हुमणीचे भुंगेरे शेणखताच्या जागी अंडी घालतात. त्यांच्या अळ्या गवताची मुळे कुरतडतात, आणि मग हिरवळ सतरंजीसारखी हाताने उचलून येते. खत पूर्ण कुजलेले, भुसभुशीत, मातीचा वास येणारे आणि चाळलेले असावे. काळ्या चुनखडीच्या जमिनीत लोहाअभावी केवडा पडून गवत पिवळे दिसते, तेव्हा नत्र वाढवून उपयोग होत नाही. अशा जमिनीत टाकलेले लोह लगेच अविद्राव्य होते, म्हणून हिराकशीचे (फेरस सल्फेटचे) अर्धा टक्का द्रावण, म्हणजे एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारले तर काही दिवसांत रंग परततो. फवारा फरशीवर मात्र पडू देऊ नये. त्याचे तांबडे डाग निघत नाहीत.

सर्वांत स्वस्त सेंद्रिय खत बहुतेक जण पिशवीत भरून कचऱ्यात देतात. गवताच्या वाळलेल्या कापात सुमारे ३ ते ४ टक्के नत्र असते, म्हणजे शेणखताच्या सहा ते आठ पट, आणि त्यातील नत्र व स्फुरद गवताच्या गरजेच्याच प्रमाणात असतात, कारण ते गवतच आहे. यंत्राची पेटी काढून ठेवली, गवत कोरडे असताना कापले आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त छाटले नाही, तर हा कोवळा काप दोन आठवड्यांत कुजून जातो आणि वर्षाच्या गरजेपैकी चौथा हिस्सा तरी नत्र परत देतो. त्याने थॅच वाढतो ही समजूत चुकीची आहे. थॅच मुळे आणि टणक खोडांतून होतो, पाण्याने भरलेल्या कोवळ्या पानांतून नव्हे. ग्रीनवर मात्र हा काप ठेवता येत नाही, चेंडूला तो अडतो. तेथे रोज सकाळी तो पेटीत गोळा करतात, आणि मैदान नीट चालवलेले असेल तर फांद्या-पानांबरोबर कुजवून त्याचे कंपोस्ट फेअरवेच्या कडेला आणि झाडांच्या आळ्यांत पसरतात.